दारू सुटली हे खरं, पण त्यावरून येशू खरा ठरतो का?

वाकोल्याच्या आमच्या जुन्या चाळीत दोन माणसांची दारू सुटलेली मी डोळ्यांनी बघितलीय. एक वरच्या मजल्यावरचे अंकल, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, गोदीत कामाला, पगाराच्या दिवशी आंटी गोदीच्या गेटवर जाऊन उभी राहायची की निदान अर्धे पैसे तरी घरी येतील. एका वर्षी पॅरिशमधल्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, कुणीतरी त्यांना ओढून पाच दिवसांच्या रिट्रीटला, प्रार्थनेच्या शिबिराला, नेलं आणि तिथून जो माणूस परत आला तो आमच्या कुणाच्याच ओळखीचा नव्हता, पुढे वीसेक वर्षं, जाईपर्यंत, थेंब घेतला नाही. दुसरे आमच्या बाजूच्या खोलीतले तात्या, पाटणकडचे. १९८२ च्या संपात मिल सुटली आणि तात्या गुत्त्यावर जायला लागले ते तिथलेच झाले, भांडी गेली, काकूंचं मंगळसूत्र गेलं. मग एका आषाढीला मेव्हण्यानं बळंच वारीला नेलं, येताना गळ्यात तुळशीची माळ, आणि माळ घातली म्हटल्यावर दारू बंद, मटण बंद, रोज संध्याकाळी हरिपाठ.

आंटीचं म्हणणं साधं आहे. "येशू खरा की नाही हे मला कुणी शिकवू नको. ज्या हातानं मी मार खाल्ला त्याच हातानं तो सकाळी उठून मला चहा करून द्यायला लागला, अजून कसलं प्रूफ पाहिजे?" गेल्या नाताळात आम्ही वर फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, खायला गेलो होतो तेव्हा माझा भाचा, इंजिनीअरिंगला आहे, पटकन बोलून गेला, "आंटी, याला प्रूफ नाही म्हणत, हे कशानेही झालं असतं." आंटी काही बोलली नाही, ताट उचलून आत गेली. मला भाच्याचा राग आला, आणि तो अगदीच चुकीचं बोलला नव्हता हेही कळत होतं. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून सगळं जरा सुटं करून लिहितेय, आंटीसाठी पण आणि त्याच्यासाठी पण.

ख्रिस्ती लोकांमध्ये एक शब्द आहे, साक्ष. प्रार्थनासभेत कुणीतरी उठतं आणि सांगतं की मी असा होतो, प्रभूनं मला असं बदललं, याला साक्ष देणं म्हणतात. हाच शब्द आपण कोर्टात वापरतो आणि मला वाटतं सगळी किल्ली तिथेच आहे. कोर्टात साक्षीदाराला एकच गोष्ट विचारतात, तू काय बघितलंस? जे बघितलं ते सांगितलं तर त्याला वजन, जे त्यावरून तुला वाटलं ते वेगळं. आता आंटीनं काय बघितलं? नवऱ्याची दारू सुटली, मार थांबला, घरात पैसे यायला लागले. याची ती पक्की साक्षीदार आहे आणि तिला खोटं पाडायची कुणाची टाप नाही, आम्ही सगळी चाळ तिच्या बाजूनं उभी राहू. पण ख्रिस्ती धर्म जे मुख्य सांगतो ते चाळीत घडलेलं नाही. तो सांगतो की जेरुसलेममध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येशूला क्रुसावर मारलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. याची साक्षीदार आंटी नाही, अंकलही नव्हते.

आणि हे मी बाहेरून लादत नाहीये बरं का. संत पौल हा ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक, त्यानं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलंय, इसवी सन ५५ च्या आसपासचं, त्यात तो सरळ म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. म्हणजे ख्रिस्ती धर्मानं स्वतःच स्वतःला एका घटनेला बांधून घेतलंय. घडलं असेल तर खरं, नसेल तर नाही. 'तुम्हाला बरं वाटतंय ना, मग झालं' असं पौल कुठेच म्हणत नाही.

बरं, मग परिणामांचा काहीच उपयोग नाही का? इथे भाचा घाई करतो. पुराव्याचं वजन कसं मोजायचं याची एक साधी पद्धत आहे. समजा तुम्ही घरात आहात, खिडक्या बंद, आणि नवरा ओली छत्री घेऊन आत आला. बाहेर पाऊस पडत असेल तर छत्री ओली असणारच. पण पाऊस नसता तरी छत्री ओली असण्याची शक्यता किती होती? एरवी फार कमी, म्हणून ती छत्री पावसाचा चांगला पुरावा. पण तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यात वरच्या टाकीचं पाणी रोज गळत असेल आणि खालून येणारा प्रत्येक जण ओला होऊनच येत असेल तर त्याच ओल्या छत्रीला फारसा अर्थ उरत नाही. छत्री तीच, ओलपण तेवढीच. फरक एवढाच की आता ओल्या छत्रीला दुसरंही कारण आहे. म्हणून कुठल्याही पुराव्याला दोन्हीकडून विचारायचं, गोष्ट खरी असती तर हे दिसलं असतं का, आणि गोष्ट खरी नसती तरीही हे दिसलं असतं का.

आता अंकलची दारू या प्रश्नात घाला. येशू खरंच जिवंत देव असेल तर लोकांची आयुष्यं बदलायला हवीत, बदलतात. नसेल तर? तरीही बदलू शकतात, आणि त्याचा पुरावा भिंतीपलीकडे हरिपाठ म्हणत बसलेला होता. तात्यांच्या आयुष्यात जे झालं ते अंकलपेक्षा एक तसूभरही कमी नव्हतं. अजून मोठं उदाहरण पाहिजे तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, त्यानंतर किती घरांमध्ये मान वर झाली, शिक्षण आलं, हे ६ डिसेंबरला दादरला जाऊन पुस्तकांच्या स्टॉलवरची गर्दी बघितली तरी कळतं. आणि बुद्ध धम्मात तर जग बनवणारा देवच नाही. आता बदललेलं आयुष्य म्हणजे धर्म खरा असा नियम केला तर येशूही देव, विठ्ठलही देव, आणि निर्माता देव नाहीच, हे सगळं एकाच वेळी खरं मानावं लागेल. डेव्हिड ह्यूम नावाच्या स्कॉटिश विचारवंतानं १७४८ मध्ये चमत्कारांबद्दल साधारण हाच मुद्दा मांडला होता, की वेगवेगळ्या धर्मांचे चमत्कार एकमेकांच्या विरुद्ध बाजूनं साक्ष देतात.

याला कॅथलिक बाजूनं एक उत्तर आहे आणि मला ते मनापासून आवडतं. २८ ऑक्टोबर १९६५ ला कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेनं इतर धर्मांबद्दल एक घोषणापत्र काढलं, त्यात म्हटलंय की या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. म्हणजे आंटी म्हणू शकते की तात्यांना पण माझ्याच देवानं हात दिला, फक्त त्यांनी त्याला विठ्ठल म्हटलं. हे शक्य आहे. फक्त मग तात्यांच्या घरच्या काकूही तेच उलट म्हणू शकतात, आणि मग दारू सुटण्यावरून दोघींपैकी कुणाचं नाव बरोबर हे ठरत नाही.

दुसरी गोष्ट, फायदा होणं आणि खरं असणं या दोन वाटा वेगळ्या आहेत. एकदा आमच्या चाळीत कुणीतरी सांगितलं की उद्या पाणीकपात आहे. सगळ्यांनी पिंप, बादल्या, टोप, असेल ते भरून ठेवलं. कपात वगैरे काही नव्हती, बातमी खोटी होती, पण दुसऱ्या दिवशी नेमकी मेन लाइन फुटली आणि आम्ही वाचलो. फायदा झाला म्हणून ती बातमी मागाहून खरी होत नाही. उलटही तसंच, एखादी खरी गोष्ट कळल्यानं माणूस खचू शकतो, म्हणून ती खोटी होत नाही.

तिसरी गोष्ट, आपल्यापर्यंत कुणाची साक्ष पोचते? बांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात, पाय, घरं, बाळं वाहतात, हिंदू मुसलमान सगळेच जातात, मी पण गेलेय. ज्याला पावली तो परत येऊन मेणबत्ती लावतो आणि दहा जणांना सांगतो. ज्याचं बाळ राहिलं नाही तो कुठे जाऊन सांगणार? सभेत माइक धरून 'मी पुन्हा प्यायला लागलो' असं कुणी म्हणत नाही, तो यायचाच बंद होतो. सिसेरो या रोमन लेखकानं डायगोरस नावाच्या ग्रीक माणसाचा किस्सा लिहिलाय, त्याला देवळात नवस बोलून वादळातून वाचलेल्यांची चित्रं दाखवली तेव्हा त्यानं विचारलं, बुडालेल्यांची चित्रं कुठायत? दोन हजार वर्षांत हा प्रश्न जुना झालेला नाही. म्हणूनच मोजणी करायची तर सगळ्यांची करावी लागते. २००६ मध्ये अमेरिकेत अशी एक मोठी मोजणी झाली, सहा हॉस्पिटलं, १८०२ बायपासचे पेशंट. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ती होतेय की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यात ५२ टक्क्यांना ऑपरेशननंतर काही ना काही त्रास झाला, ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात ५१ टक्क्यांना. आणि ज्यांना आपल्यासाठी नक्की प्रार्थना होतेय असं सांगितलं होतं त्यांच्यात ५९ टक्क्यांना. यावर श्रद्धाळू माणूस म्हणेल की देव काय नळ आहे का, चावी फिरवली की यायला, आणि ते बरोबरच आहे, अशा मोजणीनं देव नाही असं सिद्ध होत नाही. पण मग 'प्रार्थनेनं बरं झालं' हे देव आहे याचं प्रूफ म्हणूनही वापरता येत नाही.

आता इथपर्यंत वाचून भाचा खूश असेल. पण थांब जरा.

समजा दोन हजार वर्षांत एकाही ख्रिस्ती माणसाचं आयुष्य बदललंच नसतं. कुणाची दारू सुटली नसती, कुणी शत्रूला माफ केलं नसतं, कुणी महारोग्यांच्या जखमा धुतल्या नसत्या. तर आपण काय म्हटलं असतं? हा धर्म खोटा, असंच ना? कारण येशूनं स्वतः म्हटलंय की झाड फळावरून ओळखा, आणि पौल गलतीकरांना लिहितो की पवित्र आत्म्याचं फळ म्हणजे प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता, एकूण नऊ गुण सांगतो. हा धर्माचा स्वतःचा दावा आहे की माणूस बदलेल. तो दावा फसला असता तर धर्माच्या विरुद्ध पुरावा झाला असता. आणि न दिसणं जर विरुद्ध मोजायचं, तर दिसणं थोडं तरी बाजूनं मोजायलाच लागतं, काटा एकाच बाजूला झुकेल आणि दुसऱ्या बाजूला अडकेल असा तराजू चालत नाही. म्हणून 'हे पुरावाच नाही' हे भाच्याचं वाक्य चूक. पुरावा आहे. छोटा आहे, जिन्यात गळणाऱ्या टाकीखालच्या छत्रीसारखा, पण शून्य नाही.

मग त्याच न्यायानं वाईट फळंही मोजायला लागतात. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा ठपका ठेवून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० ला सुरू झालं, मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. अमेरिकेत १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट नावाचा मोठा पंथ वेगळा झाला तोच गुलाम बाळगणाऱ्यांच्या प्रश्नावरून, आणि त्याबद्दल माफी मागायला १९९५ साल उजाडलं. यावर हमखास ऐकायला मिळतं की ते खरे ख्रिस्ती नव्हतेच. हे वाक्य जपून वापरायला हवं, कारण चांगलं केलं की ख्रिस्ती आणि वाईट केलं की ख्रिस्ती नव्हताच असा हिशोब धरला तर फळ नेहमी गोडच निघणार, मग चाखून काय कळलं? पण त्यात थोडं तथ्य पण आहे. शत्रूवर प्रेम करा असं सांगणाऱ्याच्या नावानं माणसांचा छळ झाला, तर तो छळ त्या शिकवणीप्रमाणे झाला की शिकवण मोडून झाला हे तपासता येतं, शिकवण लिहिलेली आहे. जॉन न्यूटनचंच बघा, गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवरचा माणूस, १७४८ मध्ये समुद्रात वादळात सापडला, देवाला हाक मारली, वाचला, श्रद्धाळू झाला. आणि त्यानंतरही १७५४ पर्यंत त्याच धंद्यात राहिला, कप्तान म्हणून. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानं पत्रक काढलं ते १७८८ मध्ये, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. हे फळ मोजायचं कुठल्या वर्षी? १७५० मध्ये मोजलं तर कडू, १७८८ मध्ये मोजलं तर गोड.

कोर्टात सगळ्यात वजनदार साक्ष कुणाची असते? विरुद्ध पार्टीची. रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे परत गेलेला, ख्रिस्ती लोक त्याला अजिबात आवडायचे नाहीत. त्यानं ३६२ च्या सुमाराला आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला पत्रात खडसावलंय की हे गॅलिलीवाले, म्हणजे ख्रिस्ती, त्यांचे गरीब तर पोसतातच, वर आपलेही पोसतात आणि आपल्याला लाज वाटायला हवी. हा माणूस ख्रिस्ती लोकांचं कौतुक करायला बसलेला नाही, म्हणून मला त्याचं म्हणणं हजार साक्षींपेक्षा जास्त पटतं. पण बघा, त्याला फळ दिसलं, त्यानं ते कबूलही केलं, आणि तरी तो ख्रिस्ती झाला नाही. त्यानं ठरवलं की आपणही धर्मशाळा काढू.

फळ बघून मुळाकडे जायचं कसं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे, पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या. त्या सिस्टर्स वाट चुकलेल्या म्हणून समाजानं टाकलेल्या बायकांना आधार द्यायच्या, त्यांचं काम रमाबाईंना दाखवायला नेलं. ज्या बाईनं आपल्याकडे विधवांचे हाल बघितले होते, दुष्काळात आईबापांना मरताना बघितलं होतं, तिला हे बघून काय वाटलं असेल! त्यांनी सिस्टरला विचारलं, तुम्हाला या बायकांची एवढी काळजी का वाटते? सिस्टरनं योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली, जिच्याशी येशू बोलत बसला, जिच्याशी दुसरं कुणी बोललं नसतं. रमाबाईंनी नंतर स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय की यामुळे त्यांचं मन ख्रिस्ताकडे ओढलं गेलं. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, त्या तिथे थांबत नाहीत. त्या लिहितात की बुद्धीला पटलं ते फादर नेहेम्या गोरे यांचं पुस्तक वाचल्यावर. म्हणजे मन ओढलं जाणं वेगळं, बुद्धीला पटणं वेगळं, हे त्यांनी स्वतःच दोन वाक्यांत वेगळं करून ठेवलंय. बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी सिस्टर्सशी धर्मतत्त्वांवरून भरपूर वाद घातले, कुणी सांगितलं म्हणून मान हलवली नाही. १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीला शारदा सदन काढलं, तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाल्या. त्या काही ख्रिस्ती झाल्या नाहीत, पण त्यांचं आयुष्य त्याच घरात बदललं.

मला वाटतं परिणामांचं खरं काम हेच आहे. ते निकाल देत नाहीत, ते केस दाखल करून घेतात. जो धर्म माणसांना नुसता चिरडतो त्याच्या मुळाशी काय आहे हे बघायला कुणी जाणार नाही. जो अंकलसारख्या माणसाला उभा करतो तिथे जाऊन विचारावंसं वाटतं की बाबा हे कुठून आलं. शिवाय ख्रिस्ती शिकवणीचा एक भाग माणसाबद्दल आहे, की माणूस एकटा स्वतःला सोडवू शकत नाही, कबूल केल्यावर ओझं उतरतं, माफ केल्यावर माफ करणाराही सुटतो. या भागाला आयुष्यांचा पुरावा चांगलाच लागू पडतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडायला एकमेकांना मदत करणाऱ्यांची संघटना, १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली ती एका ख्रिस्ती चळवळीतल्या कल्पना उचलून, चुका कबूल करा, आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीवर सोपवा, पण देव ज्याला जसा समजला तसा. २०२० मध्ये २७ अभ्यास, दहा हजारांवर लोक, एकत्र करून तपासलं तेव्हा एका वर्षानंतर पूर्ण दारूमुक्त राहिलेले या मार्गानं साधारण ४२ टक्के आणि दुसऱ्या उपचारांनी ३५ टक्के निघाले. म्हणजे शिकवणीतलं माणसाबद्दलचं म्हणणं बऱ्यापैकी टिकतं, आणि ते देवाचं नाव काय यावर अडून राहत नाही.

हे सगळं मी परवा आंटीला सांगितलं, जरा घाबरतच, तिला वाटेल मी पण भाच्याच्या पार्टीत गेले. ती ऐकून घेत होती, मध्ये एकदा उठून कुकरचा गॅस बंद केला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या घरात झालं ते खरंच झालं, पण तिकडे जेरुसलेमला काय झालं ते मला माझ्या घरावरून कळणार नाही, असंच ना?" मी म्हटलं हो, त्यासाठी तिकडचेच साक्षीदार बघायला लागतील, किती होते, कोण होते, त्यांनी कधी सांगितलं, त्यांना त्यातून काय मिळालं, त्यांचं एकमेकांशी जुळतं का. ती आत जाऊन बायबल घेऊन आली, अंकलचं, कडा काळ्या झालेलं, आणि पौलाच्या त्याच पत्राचा पंधरावा अध्याय काढला. तिथे यादी आहे, उठलेला ख्रिस्त कुणाकुणाला दिसला त्याची, पेत्राला, बारा शिष्यांना, मग एकाच वेळी पाचशेहून जास्त लोकांना, त्यातले बरेच अजून जिवंत आहेत असंही पौल लिहितो. त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ होती. "ही त्यानं मारलीय," आंटी म्हणाली, "रिट्रीटवरून आल्यावर. मला वाटायचं तो नुसता रडतो, पण तो रात्री बसून हे वाचायचा." मग तिनं मला विचारलं की पाचशे जणांपैकी कुणाचं नाव कुठे लिहिलंय का, आणि आम्ही दोघी पान उलटून शोधायला लागलो.